कसा गेला तेही लिहा

बेळगावचा माणूस गोव्याला गेला की समुद्र बघतो, मासे खातो आणि चोर्ला घाटातल्या धुक्याच्या धास्तीनं अंधार पडायच्या आत परत फिरतो. बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय बघायला मुद्दाम वाट वाकडी करावी लागते. दाबोळी विमानतळाच्या बाजूला, उघड्या आवारात जुनी विमानं मांडून ठेवलेली आहेत. त्यांत एक फ्रेंच बनावटीचं, पोट सुटलेल्या माणसासारखं दिसणारं, नाकावर एकच पंखा असलेलं आलिझे आहे. मागच्या हिवाळ्यात मी त्याच्यापुढं उभा असताना शेजारी एक कुटुंब आलं. बोलण्यावरून लगेच कळलं, आपल्याच भागातलं. नऊ-दहा वर्षांच्या पोरानं बापाला विचारलं, "पप्पा, हेनं किती विमानं पाडलीत ओ?" बापानं फलकावर एक नजर टाकली, वाचायचा कंटाळा केला आणि म्हणाला, "लई पाडलीत. चल, फोटो काढूया."

विमानं पाडणं हे आलिझेचं कामच नव्हतं. पाण्याखालची पाणबुडी हुडकायची, तासन्‌तास समुद्रावर संथपणे घिरट्या घालायच्या, पोटाखालच्या घुमटातल्या रडारवर डोळे लावून बसायचं, हे त्याचं काम. आत तिघं बसत. १० डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या समुद्रावर असंच एक आलिझे गस्तीवर होतं. त्याला पाकिस्तानी हवाई दलाच्या स्टारफायटरनं गाठलं. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगानं उडणारं जेट आणि आलिझे पंख्यावर चालणारं. बैलगाडीच्या मागं मोटारसायकल लागावी तसला प्रकार. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन हे तिघं गेले. रॉय यांचं नाव पुढं १९७१ च्या बेपत्ता ५४ जणांच्या यादीत आलं, आणि त्या यादीवर आजही बोललं जातं.

म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं: यानं कुणाला पाडलं नाही बाळा, याच्यासारख्या एकालाच पाडलं. हे उत्तर दहा वर्षांच्या पोराला पेललं असतं. पेललं नसतं ते बापाला.

बापाला मी दोष देत नाही. त्याच्या हातात देवाणघेवाणीला एकच नाणं होतं. आपल्याकडं फौजेतला माणूस आठवायचा म्हणजे त्यानं किती मारले ते सांगायचं. ज्यानं कुणाला मारलं नाही, जो इंजिन बंद पडून, धुक्यात डोंगरावर आपटून, नाहीतर जहाजावर उतरता उतरता गेला, त्याला आठवायला आपल्यापाशी शब्दच नाहीत. मग दोनपैकी एक होतं. त्याला विसरतात, नाहीतर त्याच्या नावावर न झालेली लढाई घालतात. माझा राग या दुसऱ्या प्रकारावर जास्त आहे, कारण तो आदराच्या वेषात येतो.

नौदलाच्या वैमानिकाचं मरण बहुतेक वेळा शत्रूच्या हातात नसतं, ही गोष्ट आपल्या डोंगराळ मुलखात कुणाला सांगूनही पटकन पटत नाही. विमानवाहू नौकेची धावपट्टी म्हणजे किती? जुनी विक्रांत सगळी मिळून सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर. आपल्या बेळगावच्या विमानतळाची, सांबऱ्याची धावपट्टी तिच्या कैक पट लांब, शिवाय सांबरा हलत नाही. नौका लाटांवर वर-खाली होते, पुढं पळत असते, आणि वैमानिकानं शेपटीचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात अडकवायचा. दोर चुकला तर पुन्हा वर उडून पुन्हा यायचं. इंधन संपत आलेलं असतं, अंधार झालेला असतो, आणि खाली सगळं पाणी. १९७१ मध्ये तर विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले होते. नौका पुरेशी वेगानं पळेना, त्यामुळं डेकवर समोरून हवा तसा वारा मिळेना, आणि वारा नाही म्हणजे विमान उडवणंही जोखमीचं, उतरवणंही. तशाच अवस्थेत ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. हल्ल्यांची गोष्ट शाळेच्या गॅदरिंगमध्येही सांगतात. त्या तडे गेलेल्या बॉयलरची कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते त्या पोरांची छाती तिथं दिसते.

दुसऱ्या महायुद्धातला इटलीचा मुलूख आपल्याला परका नाही. मराठा पलटणी तिथं लढल्या, नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथंच. त्याच इटलीत, सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोच्या किनाऱ्यावर सैन्य उतरत होतं तेव्हा वर छत्र धरायला ब्रिटिश नौदलाची सीफायर विमानं छोट्या छोट्या नौकांवरून उडत होती. वारा पडलेला. त्या चार-दोन दिवसांत शत्रूच्या हातून जेवढी विमानं गेली त्याच्या कितीतरी पट डेकवर उतरताना मोडली. हा काही एकट्या नौदलाचा किस्सा नाही. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, ५५,५७३ लोक त्या युद्धात मेले, त्यांतले आठ हजारांहून जास्त अपघातांत गेले. अमेरिकेच्या सैन्यातल्या वैमानिक दलाचे पंधरा हजारांच्या आसपास तरुण तर स्वतःच्या देशातच, शिकताना आणि सराव करताना मेले. शत्रू त्यांच्यापासून एक महासागर लांब होता.

आणि एकाच विमानातल्या दोघांचं काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. १२ ऑगस्ट १९४४ ला अमेरिकेच्या नौदलाचं एक लिबरेटर जातीचं बॉम्बफेकी विमान इंग्लंडच्या पूर्व भागातून उडालं. आत ठासून स्फोटकं भरलेली. वैमानिकांनी ते ठराविक उंचीवर न्यायचं, स्फोटकं सज्ज करायची आणि छत्रीनं उड्या टाकायच्या. पुढं ते विमान रेडिओनं चालवत फ्रान्समधल्या जर्मन तळावर आदळवायचं, अशी योजना. उड्या टाकायची वेळच आली नाही. सफोकच्या आकाशात विमानाचे तुकडे झाले. शत्रूची एक गोळी नाही. बिघाड बहुधा विजेच्या यंत्रणेत होता. आतला एक वैमानिक होता जोसेफ केनेडी, वय २९, पुढं अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचा थोरला भाऊ. दुसरा विल्फोर्ड विली, टेक्सासचा, बायकोपोरांचा धनी. दोघांना नेव्ही क्रॉस हा एकच सन्मान मिळाला. पण युद्धनौकेला नाव मिळालं ते केनेडीचं, संस्था निघाली ती केनेडीच्या नावानं. विली हे नाव इथं वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. मरण एक, क्षण एक, आणि आठवण घराण्याच्या वजनाप्रमाणं वाटून घेतलेली.

आता घरी येऊ.

बेळगावला फौज काही नवीन नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं आहे, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, आणि खानापूर, बेळगाव, चंदगड या पट्ट्यात भरतीला न गेलेलं घर हुडकावं लागेल. गावोगाव चौकात जवानांची नावं आहेत. अशाच एका गावात, नाव सांगत नाही, काही वर्षांपूर्वी एका जवानाचा फलक नव्यानं बसवायचा घाट घातला होता. जुना सिमेंटचा, अक्षरं उडालेली. नवा काळ्या ग्रॅनाइटचा, सोनेरी अक्षरांचा. मजकूर तपासायला मला बोलावलं, कारण मी लिहितो अशी माझी बदनामी आहे. मजकुरात होतं: "२००२ साली राजस्थान सीमेवर शत्रूशी झुंजताना वीरमरण." मी म्हटलं, २००२ ला युद्ध झालं कुठं? संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज सीमेवर नेऊन दहा महिने उभी केली होती, ऑपरेशन पराक्रम. लढाई झाली नाही. पण सुरुंग पेरताना, काढताना आणि अपघातांत शेकडो जवान गेले. हा पोरगा कसा गेला होता? दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग त्याचा चुलता म्हणाला, ट्रक पलटी झाला होता.

सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. तरी दगडावर दुसरंच कोरायचं ठरलं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. एक जण तर मला समजावत होता, "अहो सर, ट्रक पलटी झाला असं लिहिलं तर कसं दिसतंय?"

कसं दिसतं, हाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर आपल्या बेळगावातच आहे. जानेवारी १९५६ मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात जाणार असं जाहीर झालं, लोक रस्त्यावर आले आणि बेळगाव-निपाणीत पोलिसांच्या गोळ्यांना माणसं बळी पडली. दर १७ जानेवारीला आपण हुतात्मा चौकात फुलं वाहतो. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. त्यांनी कुणाला पाडलं नाही. त्यातला कोण घोषणा देत होता आणि कोण नुसताच गर्दीत उभा होता, असली चौकशी आपण केलेली नाही, आणि कुणी केली तर आपण त्याला चौकात उभा राहू देणार नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनात गेलेल्यांचं हिंडलग्याला स्मारक आहे, तिथंही तेच. म्हणजे हुतात्मा या शब्दाला आपल्या भागात शत्रूचा मुडदा लागत नाही. आपल्या कामावर, आपल्या जागी उभा असताना गेला, एवढं पुरतं. मग वर्दीतल्या पोराकडंच आपण एक जास्तीची अट का लावतो?

याहून जुना पुरावा देवळामागं, तळ्याच्या काठाला पडलेला असतो. वीरगळ. शेंदूर फासून त्याचा कुणी म्हसोबा केलेला असतो, तर कुणी त्यावर कपडे वाळत घालतो. तीन-चार टप्प्यांचा दगड: खाली मरणाचा प्रसंग, मध्ये अप्सरा त्याला वर नेतायत, वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालचा टप्पा नीट बघा. तिथं गडी कसा गेला ते कोरलेलं असतं. गुरं पळवणाऱ्यांशी भांडताना गेला असेल तर गुरं कोरलेली, वाघाशी झुंजताना गेला असेल तर वाघ. बोरिवलीच्या एक्सरला तर समुद्रावरच्या लढाईचे वीरगळ आहेत, वल्ह्यांच्या रांगांसकट जहाजं कोरलेले. आणि कर्नाटकातल्या आतकूरचा दहाव्या शतकातला दगड तर काळी नावाच्या शिकारी कुत्र्याची आठवण सांगतो: रानडुकराशी भिडला आणि दोघंही मेले. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कुत्र्याचं मरणही जसंच्या तसं कोरावंसं वाटलं. आपल्याला मात्र जवानाच्या ट्रकची लाज वाटते.

वीरगळ हा शब्दसुद्धा कन्नडमधून आपल्याकडं आलेला. कल्लु म्हणजे दगड. हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची दर एक नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी निघते, तिला जाणारा मी माणूस आहे, तरी हे सांगायला माझी जीभ अडत नाही.

नाव आणि कारण गाळलं की काय होतं हे आपल्याइतकं कुणी भोगलेलं नसेल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणींनी काय सोसलं ते पलटणीचा इतिहास वाचणाऱ्यांना माहीत आहे. कुतच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ अशी उपासमार काढलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवर मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक झालं. त्यावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा टाकला. अमक्या पलटणीचे इतके. २०२१ साली राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगानं याबद्दल माफी मागितली. पंचेचाळीस ते चोपन्न हजार हिंदी, आफ्रिकी आणि इतर सैनिकांच्या स्मरणात दुजाभाव झाला, आणि एक लाखावर असे की त्यांची नावानं आठवणच ठेवली गेली नाही, असं त्यांच्याच अहवालात आहे. कोकणात-घाटावर कैक गावांत त्या काळच्या संगमरवरी पाट्या अजून आहेत: या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. इंग्रजीत. नाव एकाचंही नाही. गावातली शेवटची आठवणारी म्हातारी गेली की पाटी म्हणजे नुसतं गणित.

मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर त्याच युद्धात विमान उडवत होता. जून १९१८ मध्ये फ्रान्सवर पडला आणि जर्मनांच्या कैदेत जखमांनी गेला. त्यांनी कबरीवर त्याचं आडनाव 'वुमकर' असं काहीतरी लिहिलं. खरा कोण हे युद्धानंतर ताडून काढावं लागलं. आज त्याच्या दगडावर त्याचं नाव आहे, कारण मागं घरचं कुणीतरी विचारत राहिलं होतं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. लोक म्हणतात, अपघात असं लिहिलं तर घरच्यांना मिळायचं ते मिळणार नाही. पेन्शनीत फरक आहे, हे खरं. लढाईतल्या मरणाला शेवटच्या पगाराइतकी कुटुंब पेन्शन, सेवेमुळं आलेल्या इतर मरणाला साठ टक्के. पण ती वर्गवारी पलटणीच्या कागदावर होते, गावच्या ग्रॅनाइटवर होत नाही. दगडावर काय लिहिलंय ते बघून कुठला कारकून फाइल हलवत नाही. शहीद या शब्दाची तर सेनादलांत अधिकृत व्याख्याच नाही, हे सरकारनं संसदेत सांगितलेलं आहे. त्या साठ आणि शंभरच्या फरकाविरुद्ध भांडायचं असेल तर जरूर भांडू, मोर्चा काढू. पण अपघातात गेलेला कमी नाही असं सरकारला सांगायचं आणि गावच्या चौकात तोच अपघात लपवायचा, ही दोन तोंडं झाली.

दुसरा आक्षेप आईच्या नावानं घेतला जातो. आईला बरं वाटू दे की. माझा अनुभव उलटा आहे. आईला नेमकं काय झालं ते हवं असतं. गाडी कुठं होती, किती वाजले होते, पाणी मागितलं का, शेजारी कोण होतं. वीरमरण या शब्दात यातल्या एकाचंही उत्तर नाही. तो शब्द गावासाठी असतो, आणि खरं सांगायचं तर फलकाच्या खाली ज्याचं नाव मोठ्या अक्षरांत येतं त्या देणगीदारासाठी. फ्लेक्स असेल तर विचारूच नका. जवानाचा फोटो पासपोर्टाएवढा आणि हात जोडलेल्या नेत्याचा कमरेपर्यंत.

भाषेचा मुद्दा टाळून इथं कुठलाही फलक लागत नाही, म्हणून तेही बोलून टाकतो. पुतळा रातोरात बसवणं, पुतळ्याला इजा होणं, त्यावरून दोन बाजूंनी रस्ते अडवणं, हे आपण बेळगावच्या पिरनवाडी-अनगोळला बघितलं. शिवाजी महाराज आणि इंग्रजांशी लढलेला कित्तूरचा वीर संगोळ्ळी रायण्णा यांना आपण समोरासमोर उभं केलं, जे त्या दोघांच्या स्वप्नातही नसेल. जवानाच्या दगडाला या खेळातून सोडा. मराठीत नाव लिहा, आग्रहानं लिहा, तो मराठी घरातला असेल तर मराठीतच आधी. त्याखाली कन्नडमध्येही तेच लिहिलं म्हणून आपलं काही जात नाही. मराठा पलटणीत कन्नड बोलणारी पोरंही आहेत आणि 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आरोळी तीही देतात. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. तो दावा आपण तिथंच लढवू, ग्रॅनाइटवर लढवायला नको.

लिहायचं काय, तर पाच ओळी. नाव. पलटण किंवा जहाज. तारीख. जागा. आणि काय झालं ते. 'नौकेवर उतरताना दोर चुकला आणि विमान समुद्रात गेलं.' 'सुरुंग काढताना.' 'रात्रीच्या कूचमध्ये ट्रक दरीत गेला.' यापुढं वीर, अमर, देशभक्त असं जे काही लावायचं ते वाचणारा मनात लावून घेईल.

त्या गावच्या बैठकीत शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. तासभर वाद झाला, चहा झाला. पोरगा गेला त्याचा बाप इतका वेळ खांबाला टेकून बसला होता. सत्तरीचा माणूस, कानानं कमी. मजकूर बदलायचा की नाही ते त्यालाच विचारायचं ठरलं. चुलत्यानं त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं सगळं सांगितलं. तो म्हणाला, ट्रकच लिहा. मग थोडं थांबून म्हणाला, चालवणारा मद्रासकडचा पोरगा होता, तोही गेला, त्याचं नाव माझ्याकडं आलेल्या कागदात आहे.

"त्याच्या गावात लावलाय काय ओ बोर्ड?" त्यानं मला विचारलं.